मामाची बुलेट, एकही नवं भोक न पाडता

मामाची बुलेट माझ्याकडे आली तेव्हा तिची किक खाली जातच नव्हती. चौदा वर्षं एका पत्र्याच्या शेडखाली ताडपत्री घालून उभी होती, आणि त्या ताडपत्रीनेच तिचं जास्त वाटोळं केलं, कारण आत ओल कोंडून राहते आणि वारा लागत नाही. १९७८ ची ३५० स्टँडर्ड, कास्ट आयर्न इंजिन, पॉइंटचं इग्निशन (छोटे उघडझाप करणारे संपर्क, ते उघडले की ठिणगी पडते), सहा व्होल्ट, गिअर उजव्या पायाला. चावी देताना मामा एवढंच म्हणाला, "चालू कर, नटव, तुला हवं ते कर, फक्त उद्या कुणाला ती पहिल्यासारखी करावीशी वाटली तर करता आली पाहिजे." मी हो हो म्हणून गाडी टेम्पोत चढवली. त्या वाक्याचा अर्थ मला नंतर कळला आणि पुढची पावणेदोन वर्षं मी त्याच्याच भोवती काम करत होतो.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तेव्हा बॉबर होता, म्हणजे कापून, उतरवून केलेली बुटकी गाडी. मागची चेसी कापायची, लूप वेल्ड करून घ्यायचा, जाड टायर, बिनमडगार्डचं पुढचं चाक, वहीत चित्रंसुद्धा काढून ठेवली होती. पण गाडी उघडायला घेतली आणि मागचा मडगार्ड काढल्यावर दिसलं की डावीकडची आधाराची लग (चेसीच्या नळीवरचा बोल्टचा कान) पूर्वी कुणीतरी ग्राइंडरने उडवून तिथे एक साधा अँगल वेल्ड केलाय. कॅरिअर बसवायला केलं असणार. त्या वेल्डिंगने नळी थोडी ओढली गेली होती, म्हणून तो मडगार्ड आयुष्यभर उजवीकडे झुकलेला राहिला, मला लहानपणापासून तो तसाच आठवतो आणि मला वाटायचं तो तसाच असतो. कुणाच्या तरी दहा मिनिटांच्या कामाने जे गेलं ते परत आणायला मला तीन आठवडे लागले, लग लेथवर बनवून घ्यायची, दुसऱ्या बाजूची मापं आरशासारखी उलटी घ्यायची, मग ती ब्रेझ करून, म्हणजे पितळेने जोडून घ्यायची. तेव्हाच बॉबरची पानं वहीतून काढून टाकली आणि पहिल्या पानावर लिहिलं: नवीन भोक नाही, कापणं नाही, वेल्डिंग फक्त मूळ गोष्ट मूळ जागी परत आणायला. जे काही बदलायचं ते पान्ह्याने निघालं पाहिजे.

आता उघडण्याबद्दल. सगळे सांगतात फोटो काढा, मीही काढले, जवळजवळ सहाशे, आणि त्यातले निम्मे निरुपयोगी निघाले कारण ते फार जवळून होते. नट दिसतो पण तो कुठल्या बाजूचा ते कळत नाही. प्रत्येक जवळच्या फोटोआधी एक लांबून, आणि केबल कुठून कुठे जाते त्याचे वेगळे फोटो, हँडल डावीकडे वळवून आणि उजवीकडे वळवून, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पिशव्यांवर चिठ्ठ्या लावल्या ते मात्र कामी आलं. फक्त एका पिशवीवर मी कंटाळून "इतर" असं लिहिलं, आणि शेवटी जोडताना जेवढा वेळ अडलो तेवढा सगळा त्या एका पिशवीने खाल्ला.

पहिला धडा मिळाला तो आट्यांचा. बुलेट हे नाव १९३२ पासूनचं, मागे स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता फाटा) असलेली बुलेट १९४९ ची, आणि १९५५ पासून हीच गाडी मद्रासला बनायला लागली. तिकडे इंग्लंडात रॉयल एनफिल्डचा रेडिचचा कारखाना १९६७ ला बंद झाला तरी इकडे ७० मिमी बोअर (सिलेंडरचा व्यास) आणि ९० मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची वरखाली धाव) ३४६ सीसीचं ते इंजिन पुढे कित्येक वर्षं तसंच बनत राहिलं. म्हणजे ड्रॉइंग इंग्रजी, इंचातली, आणि नटबोल्टही इंचातले. मला हे माहीत होतं पण हाताला माहीत नव्हतं. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, आठ नंबरच्या इतकं जवळ की डोळ्याला फरक कळत नाही, पण जुन्या बीएसएफमध्ये (बारीक आट्यांचं ब्रिटिश माप) इंचाला २२ आटे म्हणजे दोन आट्यांतलं अंतर साधारण १.१५ मिमी, आणि आपल्या नेहमीच्या आठच्या बोल्टला १.२५. नट हाताने दोन आटे छान चढतो, मग जड होतो, आपल्याला वाटतं गंज असेल, पान्हा लावतो, आणि स्टड संपला. माझा एक गेला. त्या दिवशी आट्यांचं गेज आणलं, ते पत्त्याच्या पानासारखं उलगडतं ना ते, आणि त्यानंतर प्रत्येक बोल्ट त्यावर बसवून बघितल्याशिवाय डब्यात टाकला नाही. काही ठिकाणी तर आधीच्या मेकॅनिकने मेट्रिक बोल्ट ठोकून बसवलेले होते, तिथे आटे दुरुस्त करून मूळ मापावर आणले.

इंजिन जाम होतं ते पिस्टनमुळे. हेड काढलं तर सिलेंडरमध्ये तपकिरी पाणी आणि पिस्टनच्या कडेने गंजाची गोल रेघ. इथे हातोडी घ्यायचा मोह फार होतो आणि घेऊ नये, पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, मधोमध मारलं तर तो कडेला फुगून अजून घट्ट बसतो आणि खालच्या कनेक्टिंग रॉडला आणि बेअरिंगला धक्का बसतो तो वेगळाच. मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून वरून ओतलं (उघड्यावर, आसपास ठिणगी नको, ॲसिटोन भयंकर पेट घेतं) आणि रोज संध्याकाळी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे मागे हलवायचो. जोर लावायचा नाही, फक्त हलवायचं. नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी काही नाही. अकराव्या दिवशी चाक केसाएवढं सरकलं, मला वाटलं भास झाला, म्हणून पिस्टनवर स्केचपेनने रेघ मारून परत हलवलं आणि रेघ खाली गेली! घरातले सगळे झोपले होते, ओरडताही येईना.

सिलेंडरला खड्डे पडलेले होते त्यामुळे बोअर वाढवावा लागणार हे नक्की होतं. यात एकच गोष्ट सांगतो, आधी पिस्टन हातात घ्या आणि मग बोअरिंगला द्या. ०.५० मिमी ओव्हरसाइज लिहिलेले दोन पिस्टन मायक्रोमीटरने मोजले तर दोघांत बारीक फरक निघतो, आणि पिस्टन आणि भिंत यांच्यातलं अंतर ज्याच्या मापावर ठरतं तो पिस्टनच समोर नसेल तर बोअर करणारा तरी काय करणार. रिंगा बसवण्याआधी एकेक रिंग सिलेंडरमध्ये टाकून पिस्टनच्या टाळूने सरळ खाली ढकलायची आणि टोकांमधली फट फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजायची. माझी ०.२० मिमी आली होती, बारीक कानशीने घासून ०.३० केली. कमी ठेवली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. हे काम अर्ध्या तासाचं आहे पण मला ते सगळ्यात आवडलेल्या कामांपैकी एक वाटलं, शांत काम आहे.

क्रँककेस (इंजिनाचं खालचं ॲल्युमिनियमचं कवच) उघडताना घरातली जुनी हॉटप्लेट कामाला आली. ॲल्युमिनियम उष्णतेने लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून केस शंभर-एकशे दहा डिग्रीपर्यंत तापवली की बेअरिंग स्वतःहून खाली पडतं, ठोकायला लागत नाही. बसवताना उलटं, बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये आणि केस गरम, टक् आवाज करून जागेवर बसतं. क्रँकची चाकं मात्र मी बाहेर दिली. बिग एंडला (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) वरखाली ढिलाई नव्हती, पण दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का हे डायल गेजवर बघून सरळ करणं हे वर्षानुवर्षांच्या हाताचं काम आहे, ते शिकायला मी मामाचा क्रँक वापरणार नव्हतो.

एक छोटी गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण ती चुकली तर इंजिन जातं. उजवीकडच्या टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकात ऑइल जातं, आणि त्या सांध्यावर कॉर्कचं एक छोटं सील असतं. जुनं सील बघायला ठीक दिसतं, पण एकदा कव्हर काढलं की ते दबलेलं असतं, परत पहिल्यासारखं आवळत नाही. ते गळलं तर बाहेर थेंबही दिसत नाही, कारण ऑइल आतल्या आतच पडतं, फक्त बिग एंडपर्यंत दाबाने पोचत नाही. प्रत्येक वेळी नवं टाका.

टाकी. यावर मी दोन महिने घालवले. आत गंजाचे पापुद्रे, आणि जुन्या पेट्रोलचा चिकट थर, वास असा की कपड्याला लागला की जात नाही. आधी साबणाच्या गरम पाण्याने चार वेळा धुतली, झाकण उघडं ठेवून कितीतरी दिवस वाळवली, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. मग इलेक्ट्रोलिसिस. टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा, चार लिटरला एक मोठा चमचा, झाकणाच्या तोंडातून लोखंडाची सळई लाकडी बुचात अडकवून आत सोडायची, अशी की ती टाकीला कुठेही टेकणार नाही. बॅटरी चार्जरचं पॉझिटिव्ह सळईला, निगेटिव्ह टाकीला. थोड्या वेळाने बुडबुडे यायला लागतात, सळईवर काळा-तपकिरी चिखल जमतो, रोज सळई काढून घासायची आणि परत. सळई साधीच हवी, स्टेनलेसची अजिबात नको, त्यातल्या क्रोमियममुळे पाण्यात विषारी संयुगं तयार होतात. आणि ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात म्हणून हे बंद खोलीत करायचं नाही, चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढायचे नाहीत. सहा दिवसांनी आत टॉर्च मारली तर करडं स्वच्छ लोखंड. आणि मग मी मूर्खपणा केला नाही पण उशीर केला, धुवून झाल्यावर फोन आला, वीस मिनिटं गेली, परत बघतो तर आत नारिंगी धूळ. उघडं ओलं लोखंड थांबत नाही. सगळं परत केलं, दुसऱ्या वेळी हेअर ड्रायर आधीच लावून तयार ठेवला आणि वाळल्या वाळल्या आत थोडं टूटी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल फिरवलं.

चाकं बांधणं मी पहिल्यांदाच केलं. एका चाकाला ४० तारा, हबच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला आतून जाणाऱ्या आणि बाहेरून जाणाऱ्या, म्हणजे दहा-दहाचे चार गट. आधी आतल्या सगळ्या, मग हब फिरवून ताण द्यायचा आणि बाहेरच्या. एक तार एक भोक सोडून गेली तर शेवटच्या पाच-सहा तारा पुरतच नाहीत, तेव्हा कळतं की सुरुवातीलाच चुकलंय. माझं पहिलं चाक तीनदा सुटलं. मग स्विंगआर्ममध्येच ॲक्सल टाकून रिमच्या जवळ एक तार बांधून ठेवली काट्यासारखी आणि चाक फिरवत आधी वरखाली, मग डावंउजवं काढलं. अर्धा आटा, पाव आटा, तेवढंच. तारेला पान्ह्याने हलकं टिचकवलं की आवाज येतो, ताण सारखे झाले की आवाजही जवळपास सारखे यायला लागतात, आणि त्या क्षणी फार बरं वाटतं.

वायरिंगमध्ये मी पहिल्यांदा मूळ गोष्ट सोडली आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. सहा व्होल्टवर ३५ वॉटचा बल्ब जवळजवळ सहा ॲम्पियर ओढतो, बारा व्होल्टवर तोच तीन. प्रवाह निम्मा झाला की त्याच वायरीत वाया जाणारी वीज चौपट कमी होते, आणि पन्नास वर्षांच्या स्विचच्या पितळी पट्ट्यांना तर हे वरदानच आहे. अल्टरनेटरचा स्टेटर, रेग्युलेटर, बॅटरी, कॉइल, हॉर्न, सगळे बल्ब बदलले. हेडलाइटच्या त्या मोठ्या खोबणीत वर स्पीडोमीटर, बाजूला ॲम्पियरचा काटा आणि दोन्हीकडे टायगर लॅम्प (छोटे पार्किंगचे दिवे), तो सगळा चेहरा मात्र जसाच्या तसा. नवी हार्नेस मूळ रंगांच्याच वायरींनी बांधली, जोड सोल्डर करून वर कापडी पट्टी, आणि मध्ये एक फ्यूज जो मूळ गाडीत जिथे होता तिथेच. सहा व्होल्टचा सगळा सामान एका खोक्यात आहे, चिठ्ठीसकट.

बाकी बदल असे. लांब सीटच्या जागी स्प्रिंगांचं एकेरी सॅडल, पुढचा खिट्टा मूळ लगवर आणि मागच्या स्प्रिंगांसाठी एक पट्टी बनवली जी मडगार्डच्या मूळ बोल्टांवरच बसते. ती पट्टी आधी पुठ्ठ्याची केली, मग पातळ पत्र्याची, मग पाच मिमीच्या लोखंडाची. हँडल सपाट आणि थोडं खाली. त्यामुळे केबली लांब पडायला लागल्या म्हणून क्लच आणि डीकॉम्प्रेसरच्या (सिलेंडरमधला दाब सोडणारी झडप) केबली घरीच बनवल्या, तारेचं टोक निपलमधून काढल्यावर ते फुलासारखं उमलवायचं आणि मग सोल्डर भरायचं, नुसतं सरळ टोक सोल्डर केलं तर ओढून निघतं. पुढच्या ब्रेकची केबल मात्र तयार घेतली, ब्रेकवर मी माझ्या सोल्डरिंगची परीक्षा घेणार नाही. मागचा मडगार्ड छोटा, पण तोही मूळच्या भोकांवर बसेल असा बनवून घेतला. मूळ मडगार्ड, तो झुकणारा, आता सरळ झालेला, रंगवून कापडात गुंडाळून माळ्यावर आहे.

रंग काळाच. दुसरा विचार केला होता, मिलिटरी हिरवा, पण मामाची गाडी काळी होती. पुटी आणि प्रायमर मी केलं, ४०० चा पेपर, मग ८००, मग पाण्यात १०००, बोटांची कातडी गेली. काळा रंग काहीही लपवत नाही, पत्र्यावरची लाट रंगानंतर दुप्पट दिसते, म्हणून प्रायमरवर उलट्या रंगाचा हलका फवारा मारून घासायचं, जिथे तो राहतो तिथे खड्डा आहे. वरचा टू-के क्लिअर मात्र मी बाहेर मारून घेतला, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि साधा मास्क त्याला पुरत नाही, घरात बाकीची माणसं असताना ती जोखीम कशाला.

सोनेरी रेघा मी मारल्या. कारखान्यातसुद्धा त्या हातानेच मारल्या जायच्या, त्यामुळे टेप लावून मारायच्या नाहीत हे ठरवलं होतं. लांब केसांचा ब्रश येतो, तलवारीच्या पात्यासारखा, त्यात रंग भरला की एका दमात टाकीची अख्खी बाजू ओढता येते, अट एवढीच की मध्ये थांबायचं नाही आणि बोटाकडे किंवा ब्रशकडे नाही तर पुढे कुठे जायचंय तिकडे बघायचं. काचेच्या तुकड्यावर महिनाभर रोज वीस-वीस रेघा मारल्या. मग टाकीवर उजवी बाजू पहिल्याच वेळी जमली. डावी चार वेळा पुसली. जवळून बघितलं तर गुडघ्याच्या खाचेपाशी ती रेघ किंचित जाड झालेली दिसते, ती मी तशीच राहू दिली कारण ती हाताची आहे.

आणि मग चालू करायचा दिवस, जो प्रत्यक्षात चार दिवस चालला.

प्लग काढून आधी शंभरेक किका मारल्या, ऑइल वर चढतंय का बघायला. हेडवर रॉकरला जो ऑइलचा पाइप जातो त्याचा बोल्ट थोडा ढिला केला की तिथे ऑइल पाझरतं, ते दिसलं आणि हायसं वाटलं. टॅपेट थंड असतानाच बसवले होते, पुशरॉड बोटांनी गोल फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. पॉइंटची फट ०.३८ मिमी. टायमिंगसाठी हेड बसवण्याआधीच पिस्टनवर डायल गेज लावून वरचं टोक शोधलं होतं, त्याच्या ०.८ मिमी आधीची जागा धरून अल्टरनेटरच्या रोटरवर बारीक खूण केली होती, आणि पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद अडकवून तो नेमका त्या खुणेवर सुटतो इथपर्यंत सगळं करून ठेवलं होतं. या खुणेचा मला फार अभिमान होता.

इग्निशन चालू, ॲम्पियरचा काटा डावीकडे झुकला. हळूहळू किक दाबत काटा मध्यावर येईपर्यंत, म्हणजे पॉइंट उघडेपर्यंत आणली, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन जरासा पुढे ढकलला, लिव्हर सोडला, आणि पूर्ण किक. काही नाही. परत. काही नाही. दहाव्या-बाराव्या किकला कार्ब्युरेटरमधून फट् करून आवाज आला आणि सायलेन्सरमधून एक धूर. पुढचे तीन दिवस मी कार्ब्युरेटरवर घालवले. पायलट जेट दोनदा साफ केला, फ्लोटची उंची बघितली, कंडेन्सर बदलला, नवा प्लग टाकला, ठिणगी बघितली तर निळी आणि जाड. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, कॉम्प्रेशन इतकं की त्यावर उभं राहिलं तरी किक खाली जात नाही. तिसऱ्या रात्री मामाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पॉइंट लावताना प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला होतास का?"

नव्हता ठेवला. ठेवणार कसा, हेडच नव्हतं! चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो, एकदा मिश्रण दाबायला आणि एकदा धूर बाहेर टाकायला, आणि पॉइंटचा कॅम इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे ठिणगी त्यातल्या एकदाच पडते. हेड नसताना दोन्ही वेळा पिस्टन अगदी सारखाच दिसतो. माझी खूण ०.८ मिमीला बरोबर होती, पण फेरी चुकीची होती, ठिणगी धूर बाहेर जाताना पडत होती. खाली टॅपेटची झाकणी उघडून कुठला पुशरॉड हलतोय एवढं बघितलं असतं तरी कळलं असतं. फोन चालू ठेवूनच प्लग काढला, भोकावर अंगठा धरला, बायकोला सांगितलं किक हाताने हळू दाब, हवेने अंगठा उडवला त्या फेरीला खूण जुळवली आणि पॉइंटचा कॅम अर्धा फेरा फिरवून लावला. मामाला म्हटलं थांब, फोन ठेवू नको.

दुसऱ्या किकला सुरू झाली.

तो आवाज मी लिहून सांगू शकत नाही. सुरुवातीला धूर झाला, सिलेंडरला लावलेलं ऑइल जळत होतं, मग तो कमी झाला आणि चोक सोडल्यावर ती आपल्या चालीवर आली, ॲम्पियरचा काटा प्रत्येक ठोक्याबरोबर थरथरत होता. फोनवर मामा काहीच बोलत नव्हता. मला वाटलं लाइन कट झाली. मग तो म्हणाला, "थोडी वाढव," मी रेस थोडी वाढवली, आणि तो म्हणाला, "हां, आता सोड."

दहा मिनिटांनी बंद केली, कारण नव्या रिंगांना पहिल्या दिवशी जास्त तापवायचं नाही आणि जागेवर उभी ठेवून तर अजिबात नाही. पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या आत चालवायचं ठरलंय, पण सारखा एकाच वेगात नाही, थोडं ओढायचं, थोडं सोडायचं, आणि वरच्या गिअरमध्ये कण्हत चढ चढवायचा नाही. पहिलं ऑइल दोनशेला काढलं तेव्हा त्यात बारीक चकाकी होती, लोहचुंबक फिरवला तर थोडीशीच चिकटली, तेवढी चालते. प्लग काढून बघितला, फिकट तपकिरी.

त्या पहिल्या रात्री मात्र मी कुठेच गेलो नाही. गाडी स्टँडवर लावून शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि गार होताना फिन्समधून जो टिकटिक आवाज येतो तो ऐकत राहिलो. सकाळी इंजिन पार थंड झाल्यावर टॉर्क पान्हा घेतला आणि हेडचे नट तिरपे-तिरपे क्रमाने परत बघितले. पुढच्या दोन नटांनी पाव आटा घेतला, बाकीचे जागेवर होते.